भेटीची वेळ तीन ते पाच

ओनेलियो पेद्रोसोच्या घरातून एक काळी वायर माझ्या छतावर येते आणि तिथून पुढे बाउदिलियोच्या खिडकीत जाते. त्या वायरीवर माझ्या कपड्यांचे चिमटे दिसले की ओनेलियो खालून ओरडायचा, "निविया, ती दोरी नाही. तिच्यातून अख्खं जग येतं." मी म्हणायचे, "येऊ दे की. माझा परकर बघून माघारी थोडंच जाणार आहे?" सहा वर्षं हे चाललं होतं. हल्ली तो ओरडत नाही आणि मीच चिमटे दुसरीकडे लावते.

मी काइबारिएनचीच. तीस वर्षं मासळीच्या सहकारी संस्थेत वजनकाट्यावर उभी राहिले, त्यामुळे माझा आवाज मोठा आणि जिभेला हाड नाही. ओनेलियो माझ्या अगदी उलट. तो साखर कारखान्यात टेलिफोन आणि रेडिओ दुरुस्त करायचा. कारखाना बंद पडला तेव्हा बाकीचे चौकात बसून हळहळत राहिले, ह्याने घराच्या पुढच्या खोलीत टेबल टाकलं आणि पंखे, राईस कुकर, जुनी रशियन वॉशिंग मशीन, जे येईल ते उघडायला सुरुवात केली. हात सोन्याचे. पण एक खोड होती. गिऱ्हाइकाला 'चूक तुझी आहे' असं त्याला सांगताच यायचं नाही. कुणी बादलीत पडलेला रेडिओ आणून 'आपोआप बंद पडला हो' म्हणायचं, रेडिओतून पाणी टपकत असायचं, आणि हा मान डोलवून म्हणायचा, "होतं असं. जुना झालाय बिचारा." मी शेजारी बसून दात-ओठ खायचे.

बायको गेली तेव्हा त्याची मुलगी इदालमिस सात वर्षांची होती. तिच्या वेण्या तोच घालायचा. वायर पिळायची सवय, तशाच वेण्या पिळायचा, इतक्या घट्ट की पोरीच्या भुवया वर ओढल्या जायच्या. शाळेतली मुलं चिडवायची, 'हिला सारखं कसलं आश्चर्य वाटतं?' मी म्हटलं, "अरे, मी घालते ना वेण्या, आण तिला इकडे." तर ती पोरगीच म्हणाली, "नको मावशी, बाबाच्या वेण्या संध्याकाळपर्यंत सुटत नाहीत." मग मी कशाला मध्ये पडू?

चार वर्षांपूर्वी इदालमिस पार दक्षिणेला, मोन्तेविदेओला गेली. आधी एका लाँड्रीत, मग म्हाताऱ्यांची सेवा करायच्या कामाला. ती गेल्यावर महिन्याभरात ओनेलियोने पेसेरा तयार केली.

पेसेरा म्हणजे मासे ठेवायची काचपेटी. ते नाव बाउदिलियोने पाडलं. खरं नाव व्हर्च्युअल मशीन. त्याचं असं होतं, की आम्ही तिन्ही घरं ओनेलियोच्या एकाच मोडेमवर. इथून, क्युबातून कुणी आलंय असं दिसलं की बाहेरच्या कितीतरी जागा दारातूनच परत पाठवतात. त्यावर व्हीपीएन हा उपाय, म्हणजे दुसऱ्या देशाच्या दारातून बाहेर पडायचं. पण सगळा संगणक त्या दारातून नेला की विजेचं बिल, बँक, ही आपल्या घरची पानं रुसून बसायची, आणि बाउदिलियोचा आमच्या वायरीवर चालणारा डॉमिनोचा खेळ मध्येच गायब व्हायचा. मग तो माझ्या छतावर येऊन शिव्या घालायचा. ओनेलियोने आठ दिवस डोकं खाजवलं आणि संगणकाच्या आत आणखी एक संगणक बसवला, पडद्यावरच्या एका खिडकीत. व्हीपीएन फक्त त्या खिडकीच्या आत. खिडकीबाहेर काइबारिएन, आपलं बिल, आपला डॉमिनो. खिडकीच्या आत परदेश. कुणालाही परदेशातलं काही बघायचं असलं की आमच्याकडे एकच उत्तर, 'पेसेरात कर.'

लोक कुठलं तरी जवळचं, वेगवान दार निवडतात. ओनेलियोने मोन्तेविदेओ निवडलं. बाउदिलियो म्हणाला, "अरे गाढवा, जगाच्या त्या टोकातून वळसा घालून कशाला जातोस? एक पान उघडेपर्यंत माझी दाढी वाढते."

"वाढू दे," ओनेलियो म्हणाला. "तुला तशीही शोभेल."

कारण मला ठाऊक होतं. पेसेराला वाटायचं आपण मोन्तेविदेओत आहोत. मग ती आपणहून तिथलं हवामान दाखवायची, तिथल्या दुकानांच्या जाहिराती, तिथलं घड्याळ. ओनेलियो सकाळची कॉफी घेऊन पेसेरासमोर बसायचा आणि मुलीला लिहायचा, दुपारनंतर पाऊस आहे, छत्री घे. तुझ्या मागच्या रस्त्यावर पाइप फुटलाय, बस फिरून जाणार, लवकर निघ. ती लिहायची, बाबा, मी इथेच राहते, मला खिडकीतून दिसतंय. तरी ह्याचं चालूच. एकदा मी विचारलं, "काय रे, कोपऱ्यावर काय मिळतं ते आपल्या गल्लीतलं माहीत नाही तुला, तिथलं बरं माहीत." तो म्हणाला, "आपल्या गल्लीत काही मिळतंच कुठे?"

मग ह्या वर्षी मार्चमध्ये कळलं की इदालमिसला रक्ताचा कर्करोग आहे. ती आधी अशक्तपणा म्हणायची, मग अंगावर काळेनिळे डाग आले आणि हॉस्पिटलात ठेवून घेतलं. डॉक्टरांनी तिला सरळ सांगितलं आणि तिने बापाला सरळ सांगितलं, काही महिने, कदाचित तेही नाही. त्या दिवशी ओनेलियोने एकही पंखा उघडला नाही. संध्याकाळी मी भात घेऊन गेले तर म्हणाला, "निविया, मला तिच्याजवळ जायचंय. बाकी काही नको." आयुष्यात त्या माणसाने कुणाकडे काही मागितलेलं मी ऐकलं नव्हतं.

तिकिटाचा विचार करणंही आमच्या आवाक्यातलं नव्हतं. पण हॉस्पिटलातल्या एका ठेंगण्या नर्सने इदालमिसला एका संस्थेचं नाव सांगितलं. परक्या देशातून आलेल्या रुग्णाच्या आई किंवा बापाला ही संस्था आणवते, तिकीट, कागदपत्रं, राहणं, सगळं. अर्ज त्यांच्या पानावर भरायचा.

सहा मेची दुपार. वीज दोनला आली होती, पुन्हा कधी जाईल त्याचा नेम नव्हता. ओनेलियो, मी आणि बाउदिलियो तिघेही टेबलाभोवती. ओनेलियोचा हात माउसवर थांबला.

"मी काय म्हणतो," तो म्हणाला, "हा अर्ज बाहेरूनच भरून बघू का? मी खरा जिथे आहे तिथूनच. मुलीच्या जिवाचं काम आहे, त्यात लपवाछपवी कशाला?"

"झालं ह्याचं सुरू," मी म्हणाले. "आपण कुठून आलोय हे बघून आजवर कुणी दार उघडलंय? सांग, एक नाव सांग. अर्ध्यावर पान अडकेल, वीज जाईल, आणि मग बस बोंबलत. परदेशाचं आहे ना? मग पेसेरात कर."

"एकदा बघायला काय हरकत..."

"ओनेलियो, डोकं खाऊ नकोस."

तो पेसेरात शिरला. पान उघडलं. अर्ज एवढासा, एकच पान. रुग्णाचं नाव, वॉर्ड, नातं, आपलं नाव, ओळखपत्राचा नंबर. पासपोर्टसुद्धा विचारला नाही. मी म्हटलं, "बघ किती सुटसुटीत. ह्याला म्हणतात काम." त्याने पाठव दाबलं आणि पाचच मिनिटांत वीज गेली. मी त्याच्याकडे असं बघितलं की जणू वीज मीच थोपवून धरली होती.

तीन आठवडे गेले. त्या तीन आठवड्यांत ओनेलियो वाळला. इदालमिस रोज व्हिडिओवर दिसायची, आधी टोपी घालून, मग टोपीशिवाय. डोक्यावर केस नव्हते. ती हसून म्हणाली, "बाबा, आता तुझं काम वाचलं." तो हसला. मग स्वयंपाकघरात जाऊन बराच वेळ नळ सोडून उभा राहिला, आणि नळाला पाणी नव्हतं.

सत्तावीस मेला संस्थेचं उत्तर आलं. अर्ज मंजूर. मी गल्लीभर सांगत सुटले. बाउदिलियो घरी गेला आणि आपला जाड ओव्हरकोट घेऊन आला. तरुणपणी पूर्व जर्मनीत कारखान्यात होता तेव्हाचा. डांबराच्या गोळ्यांच्या वासाने डोळ्यांत पाणी येत होतं. "तिकडे आता हिवाळा," तो म्हणाला, "घालून बघ. आणि फाडलास तर परत येऊच नकोस." ओनेलियोने त्या मेच्या उकाड्यात कोट घातला, सगळी बटणं लावली आणि घामाघूम होऊन आमच्यासमोर उभा राहिला. त्याला इतकं खूष मी त्याच्या लग्नातही बघितलं नव्हतं.

मग कोट घालूनच त्याने पत्रासोबतचा कागद उघडला. एकदा वाचला. परत वाचला.

"तिकीट कुठल्या तारखेचं?" मी विचारलं.

"तिकीट नाही," तो म्हणाला. "पास आहे."

हॉस्पिटलात भेटायला जायचा पास. ओनेलियो पेद्रोसो, वडील. भेटीची वेळ तीन ते पाच, सोमवार ते रविवार. पास दाखवल्यास कँटीनमध्ये दुपारचं जेवण मोफत. राहण्याचं ठिकाण, मोन्तेविदेओ.

बाउदिलियो कोटाकडे बघत राहिला. ओनेलियो सावकाश म्हणाला, "माझंच चुकलं. अर्जात एक चौकट होती, 'शहरातच राहतो' अशी. माझ्याकडून तिच्यावर खूण झाली असणार."

आणि मी त्याला बोलले. देवा, काय काय बोलले. चार ओळींचा अर्ज, तो नीट भरता येत नाही? लक्ष कुठे होतं तुझं? जगाचे रेडिओ दुरुस्त करतोस आणि पोटच्या पोरीचा एक कागद धड भरत नाहीस? दारात माणसं जमली होती, त्यांच्यादेखत बोलले. त्याने मान खाली घालून सगळं ऐकलं. फक्त एकदा म्हणाला, "हो, खरंय तुझं." मग कोट काढला आणि नीट घडी घालून बाउदिलियोला दिला. बाउदिलियोने घेतला नाही.

दुसरा अर्ज त्याने दोन दिवसांनी एकट्यानेच भरला. आम्हाला बोलावलं नाही. मला वाटलं, माझ्यावर चिडलाय. चिडू दे, म्हटलं. भात मात्र रोज पाठवत राहिले.

पासाची गोष्ट त्याने इदालमिसला सांगितली तेव्हा मी तिथेच होते. ती उशीवर डोकं टेकून पडली होती, ओठ पांढरे. म्हणाली, "मग ये की, बाबा. पास आहे ना तुझ्याकडे? उद्या तीन वाजता ये. उशीर केलास तर नर्स आत सोडायची नाही."

दुसऱ्या दिवशी तो गेला. म्हणजे तिथले तीन, आमचे दोन. त्याने आंघोळ केली, इस्त्रीचा पांढरा शर्ट घातला, पास छापून आणला होता तो घडी करून खिशात ठेवला, आणि पेसेरासमोरच्या खुर्चीत जाऊन बसला. तिथे त्या ठेंगण्या नर्सने फोन पलंगाशेजारच्या खुर्चीवर उशी लावून उभा केला. व्हायचं काय, तर ती झोपलेली असायची आणि हा बसून असायचा. जाग आली की ती म्हणायची, "आलास?" हा म्हणायचा, "कधीचा." कधी तो तिला वाचून दाखवायचा, कधी नुसता आज कुठला पंखा आला ते सांगायचा. वीज नसायची त्या दिवशी बाउदिलियो आपल्या विजेवरच्या स्कूटरची बॅटरी उचलून आणायचा. सत्तरीचा माणूस, धापा टाकत. म्हणायचा, "मला काही नको, पण बापलेकीला म्हणावं आटपा लवकर, मला बाजारात जायला हीच गाडी आहे." आणि पाच वाजेपर्यंत दाराबाहेर ओट्यावर बसून राहायचा. तिथले पाच. आठवड्याभरात आम्ही सगळेच तिथल्या घड्याळाने बोलायला लागलो होतो.

एकदाही त्याने भेट चुकवली नाही.

वीस जूनला खरं तिकीट आलं. नऊ जुलैचं. ह्या वेळी मी गल्लीत सांगितलं नाही. माझा जीव टांगणीला लागला होता, कारण शेवटी शेवटी ती अर्धा वेळ बोलतच नव्हती. ओनेलियोने भिंतीवरच्या कॅलेंडरवर काही लिहिलं नाही, फक्त कोट खुंटीवरून काढून उन्हात टाकला, वास जावा म्हणून.

अठ्ठावीस जूनला तो दोन वाजता बसला तेव्हा पलीकडून फोन नर्सने उचलला. तिने खुर्चीवर ठेवला नाही. हातातच धरला होता. मी भाताचं भांडं घेऊन दारात उभी होते. ती म्हणाली, "सकाळीच, साहेब. झोपेतच." ओनेलियोने मान डोलावली. मग तिला म्हणाला, "थोडा वेळ ठेवाल का खुर्चीवर? पाचपर्यंत." तिने ठेवला. रिकामा पलंग होता, चादर बदललेली. तो पाचपर्यंत बसला. मग पेसेरा बंद केली आणि पुन्हा सुरू केली नाही.

तिकडे जाण्याचं तिकीट संस्थेने पुढे चालू ठेवलं होतं, अस्थी आणायला. तो नको म्हणाला. नर्सने इदालमिसचं थोडं सामान संस्थेकडे ठेवलं होतं, एक खोकं. ते कुणाबरोबर तरी इकडे येईल का, हे विचारायला पाहिजे असं मी ऑगस्टभर म्हणत होते. ओनेलियो 'हो बघू' म्हणायचा. एका दुपारी मला राहवलं नाही. पेसेरा बंद, म्हणून मी माझ्या फोनवरच, साध्या आपल्या वायरीवरून, त्या संस्थेचं पान टाकून बघितलं. उघडणार नाही हे माहीतच होतं. नुसता एक प्रयत्न.

डोळ्याचं पातं लवायच्या आत उघडलं.

वर लिहिलं होतं, क्युबातून अर्ज करणाऱ्यांसाठी. मी काही निवडलं नव्हतं. पानानेच मी कुठली ते ओळखलं होतं आणि त्याप्रमाणे अर्ज समोर ठेवला होता. चार पानांचा. पासपोर्ट, विमानतळ कुठला जवळ, थंडीचे कपडे आहेत का, नसले तर माप. मी खाली वर, खाली वर बघितलं. 'शहरातच राहतो' अशी चौकट कुठेच नव्हती. खूण करायला काही नव्हतंच. जो मोन्तेविदेओतून येईल त्याला ते पासाचा अर्ज दाखवत होते आणि जो आमच्याकडून येईल त्याला तिकिटाचा. आणि मोन्तेविदेओतून मी त्याला पाठवलं होतं. तो बाहेरून बघू का म्हणत होता. एकदा नाही, दोनदा म्हणाला होता.

पहिला अर्ज सरळ गेला असता तर त्याच हिशेबाने तो सोळा जूनच्या आसपास तिकडे पोचला असता. बारा दिवस. बारा दिवस त्याने तिचा हात धरला असता.

मी तशीच त्याच्या घरी गेले. तो टेबलाशी एका पंख्याची पाती काढत होता.

"ओनेलियो," मी म्हणाले, "त्या अर्जात चौकट नव्हती."

त्याने मान वर केली नाही. "नव्हती."

"तुला कधी कळलं?"

"पास आला त्याच संध्याकाळी. बाहेरून उघडून बघितलं." त्याने एक स्क्रू बशीत ठेवला. "लगेच उघडलं."

"आणि मी तुला एवढं बोलले. सगळ्या गल्लीसमोर बोलले मी तुला. तू मला सांगायचं होतंस. तोंडावर सांगायचं होतंस की, निविया, हे तुझ्यामुळे झालं."

"जुनी सवय आपली," तो म्हणाला. "होतं असं."

तो तेच बोलला, पाणी टपकणाऱ्या रेडिओसमोर बोलायचा तेच, त्याच आवाजात. मी खाली बसले आणि रडले. मी रडणारी बाई नाही, काट्यावरच्या कुणालाही विचारा. तो स्क्रू काढत राहिला. जरा वेळाने म्हणाला, "तू तेव्हा रोज भात पाठवत होतीस. तुला सांगितलं असतं तर तू भात घेऊन आत आली नसतीस, दारातच ठेवून गेली असतीस. मग मी कुणाशी बोललो असतो?"

भिंतीवरच्या घड्याळात दोन वाजायला आले. त्याने पंखा बाजूला सारला, हात पुसले, खुंटीवरचा पांढरा शर्ट घातला आणि खिसा चाचपून पास आहे का ते बघितलं. मग पेसेराच्या बंद पडद्यासमोरच्या खुर्चीत जाऊन बसला. रोज बसतो हे मला ठाऊक नव्हतं. मी डोळे पुसले आणि स्वयंपाकघरातली दुसरी खुर्ची ओढून त्याच्या शेजारी आणली. तिथले पाच वाजेपर्यंत आम्ही बसून होतो.